तेरावा चौकोन

रीना मॅडमने फॉर्म काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "सर, फक्त दोन मिनिटं लागतील." दोन मिनिटांचं काम घेऊन येणाऱ्या माणसाचा मला आधीपासूनच राग येतो. दोन मिनिटांत पंख्याची कॅपसुद्धा धड निघत नाही. पण ती नवउद्योजकांना शिकवणाऱ्या प्रशिक्षण केंद्राची बाई, नागपूरहून बदली होऊन आलेली, बिचारी उन्हातून आली होती, म्हणून मी हाताचं वार्निश चिंधीला पुसलं आणि चष्मा लावला. वर छापलं होतं, 'आपल्या व्यवसायाच्या यशाची कारणे. लागू असतील त्या चौकोनांत खूण करा.' खाली बारा चौकोन. भांडवल, प्रशिक्षण, कुटुंबाचा पाठिंबा, मोक्याची जागा, ओळखीपाळखी, चिकाटी, वेळेवर काम, सरकारी योजना, असं काय काय. तेराव्या चौकोनापुढे 'इतर (येथे लिहा)' आणि टिंबांची एक ओळ. मी विचारलं, हे कशासाठी? तर म्हणाली, "एकाच गल्लीत, एकाच धंद्यातली दोन दुकानं असतात ना सर. एक चालतं, एक बसतं. असं काऊन होतं, तेच शोधून राहिलो आम्ही." मी म्हटलं, शोधा. आणि पेनाचं टोपण उघडून तसाच बसून राहिलो. माझ्या दुकानासमोर, गल्लीच्या पलीकडच्या बाजूला, आता मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो. एकोणीस वर्षांपूर्वी तिथे माझ्यासारखंच मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, खुशालचं. ते बसलं. माझं चालतंय. बाईने मुद्दाम विचारलं नव्हतं, तिला काय ठाऊक असणार.

फॉर्मसोबत दुसरा कागद होता. गुरुवारी केंद्रात माझं भाषण ठेवलं होतं, 'यशस्वी उद्योजक आपल्या भेटीला', आणि ऐकायला येणाऱ्या तीस जणांची ही यादी. शिलाई, शिलाई, मशरूम, ब्यूटी पार्लर, शिलाई. सतराव्या नंबरवर दुर्गा खुशाल कटरे, आमगाव, मोटर वाइंडिंग. मी ते नाव तीनदा वाचलं. खुशालच्या पोरीला मी शेवटचं बघितलं ते दोन वर्षांपूर्वी, त्याच्या मयतीला. कावीळ झाली होती त्याला, महिनाभरात गेला. पोट्टी ओट्यावर बसली होती, रडत नव्हती, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत होती. मी तिला काही बोललो नाही. आता ती बापाचा धंदा उघडणार, म्हणजे बापाची वही काढणार. आणि त्या वहीत मी सांगितलेला एक आकडा असणार.

ज्याने कधी जळालेली मोटर उघडून बघितली नाही त्याला आमच्या धंद्यातली आकड्याची किंमत सांगून कळायची नाही. मोटरीच्या पोटात तांब्याच्या तारेची भेंडोळी असतात. प्रत्येकात तारेचे किती टर्न, म्हणजे वेढे, द्यायचे, तो आकडा कंपनीगणिक, मोटरीगणिक वेगळा. जुनी जळालेली तार कापून मोजली की कळतो. पण कधी तार वितळून गोळा झालेली असते, कधी आधीच्या मिस्त्रीने काढून भंगारात विकलेली असते. मग वही लागते. प्रत्येक मिस्त्रीची वही असते आणि ती तो बायकोलाही हात लावू देत नाही. तरी एक रीत आहे, आणि ती आमच्या उस्तादाने, दुर्गाप्रसादने, आम्हाला पहिल्या दिवशी सांगितली होती. "ग्राहक छीनो, भाव गिराओ, गाली दो, सब चलेगा. मगर कोई टर्न पूछने आये तो सही बताना." ही रीत गोंदियात सगळे पाळतात. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन मिस्त्री मी बघितलेत, पण एकाने पोरगा पाठवून आकडा विचारला की दुसरा वही उघडून खरा आकडा सांगतो. मनात असो नसो, सांगतो. खोटा आकडा सांगितला असं कुणाबद्दल मी आजवर ऐकलं नाही. माझ्याबद्दलही कुणी ऐकलं नाही.

उस्तादाकडे आम्ही दोघं एकदमच लागलो. मी आयटीआय करून, खुशाल कामठ्याहून सायकलवर, दहावी नापास. त्याचा हात असा होता की उस्ताद स्वतःचं काम सोडून बघत बसायचा. भेंडोळी खाचेत बसवताना तार कधी सोलायची नाही, बांबूची पट्टी ठोकताना आवाज यायचा नाही. हिशेबात मात्र सगळा आनंद होता. आकडे मी लिहायचो, म्हणून उस्ताद गेला तेव्हा वही माझ्याकडे राहिली. जाताना तो म्हणाला होता, दोनो मिलके रखना. मिळून कशी ठेवणार? वही एक, दुकानं दोन. खुशाल कधी वाटणी मागायला आला नाही, उतरवूनही घेतो म्हणाला नाही. "तुह्याकडं आहे म्हंजे माह्याकडंच आहे," म्हणायचा. अशा माणसाची मला चीड यायची. आता हे सांगायला काय हरकत आहे, तो गेला, मीही साठीला टेकलो. विश्वास ठेवणारा माणूस समोरच्याला काही शिल्लकच ठेवत नाही.

आणि दुसरी चीड होती, ती खरी होती, आजही आहे. त्या काळी राइस मिलवाले आपल्या माणसाला काम द्यायचे. खुशाल कटरे त्यांच्या आत्याचा कोण, मामाचा कोण, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसणारा. मी देवीदास मेश्राम. माझ्या बापाने छप्पन साली दीक्षा घेतली, मला शिकवलं, 'मान खाली घालून काम करू नको' म्हणाला. मी मान वर ठेवली आणि मिलच्या फाटकाबाहेर उभा राहिलो. घरचे पंखे, मिक्सर, विहिरीवरचे छोटे पंप माझ्याकडे यायचे. मिलच्या मोटरी समोर जायच्या. यादोराव नावाचे एक मिलवाले मला एकदा म्हणाले होते, "काम तुमचंबी चांगलंच आहे जी, पण खुशाल कसा, घरातला आहे." त्यांनी ते वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. चहा पाजला वर. रीना मॅडमच्या फॉर्मवर याला 'ओळखीपाळखी' म्हणतात. चौकोन एवढासा आहे, त्यात मावतं की नाही कुणास ठाऊक.

नोव्हेंबर होता. लवकर पिकणारा हलका धान निघाला होता, उशिराचा भारी धान अजून शेतात उभा होता. यादोरावांच्या मिलमध्ये एक परगावचा मिस्त्री पाच मोटरी खोलून, आतली तांब्याची तार विकून पळून गेला होता. पाच मोकळे सांगाडे. दहा हॉर्सपॉवरच्या जुन्या कलकत्त्याच्या मोटरी, नावाची पाटीसुद्धा घासलेली. काम अर्थातच खुशालला मिळालं. दुपारी तो गल्ली ओलांडून आला, गळ्यात टॉवेल, हातात अर्धा खाल्लेला पेरू. "देवा, ते कलकत्तेवाली दहाची, उस्तादाच्या वहीत आहे ना? किती टर्न?" मी वही काढली. पान लगेच सापडलं, उस्तादाने त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. अठ्ठेचाळीस. मी म्हणालो, बेचाळीस. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तोंडातून निसटलं, वरच्या ओळीतला आकडा वाचला, नजर चुकली. पण वरच्या ओळीत बेचाळीस नाहीच. आणि आणखी एक गोष्ट आहे. बोलण्याआधी मी वही माझ्याकडे तिरपी केली होती, त्याला दिसणार नाही अशी. चुकणारा माणूस वही तिरपी करत नाही. खुशालने तळहातावर पेनाने आकडा लिहिला, पेरूचा उरलेला तुकडा मला दिला आणि गेला. मी तो खाल्ला. बिया दातात अडकल्या होत्या, हे मला यादोरावांच्या मोटरींपेक्षा जास्त स्पष्ट आठवतं.

सहा टर्न कमी पडले म्हणून मोटर लगेच जळत नाही. तेव्हा भारी धानाला शेवटचं पाणी द्यायला शेतातले पंप दिवसभर चालू असायचे, व्होल्टेज पार पडलेलं असायचं, आणि पडलेल्या व्होल्टेजवर ती मोटर उलट झकास चालते. यादोरावांनी खुशालची पाठ थोपटली म्हणे. मग कापण्या सुरू झाल्या, पंप बंद झाले, व्होल्टेज चढलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिली मोटर गेली, दोन दिवसांनी दुसरी, मग उरलेल्या तिन्ही एकाच दिवशी. ऐन हंगामात मिल बंद, बाहेर धानाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांची रांग. घरातला म्हणून लाडावलेला माणूस चुकला की घरच्यासारखाच शिव्या खातो. यादोरावांनी चार माणसांत त्याला अक्कल काढून बोलून घेतलं आणि संध्याकाळी जीप माझ्या दारात उभी राहिली. मी पाचही मोटरी अठ्ठेचाळीस टर्नने भरून दिल्या. त्यातल्या दोन आजही चालतात. त्यानंतर आमगावच्या रस्त्यावरची एकही मिल समोरच्या दुकानात गेली नाही. होळीच्या आत खुशालने शटर ओढलं आणि आमगावला बायकोच्या भावाकडे राहायला गेला. पुढे लग्नाच्या मांडवाला लायटिंग, कचारगडच्या जत्रेत दुकानांना जनरेटरचे वायर, शेतावर पंप बसवणं, असं काही काही करायचा. मोटर वाइंडिंगचं दुकान त्याने पुन्हा काढलं नाही.

शटर ओढायच्या थोडं आधी तो एकदा आला होता. कचारगडच्या जत्रेचा आदला दिवस, गल्लीतून पिवळे झेंडे लावलेल्या जीपा जात होत्या, म्हणून लक्षात आहे. पायरीवर उभा राहिला. मी भेंडोळं गुंडाळत होतो, हात थांबवला नाही. त्याने फळीवरच्या वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, "बस ना बे." तो म्हणाला, "नाही, जातो. चंदावैनी बऱ्या आहेत ना?" मी म्हणालो, बरी आहे. गेला. एवढंच. मी तेव्हा सुटकेचा श्वास टाकला होता, याला काही कळलेलं नाही म्हणून.

गुरुवारी भाषण झालं. काय बोललो ते मलाच ऐकू येत होतं, म्हणजे दुसरं कुणी बोलत असल्यासारखं. चिकाटी पाहिजे, वेळ पाळा, गिऱ्हाइकाशी गोड बोला, शॉर्टकट घेऊ नका. तिसऱ्या रांगेत दुर्गा होती. बापासारखंच रुंद कपाळ, मांडीवर कापडी पिशवी. बाकीच्या पोरी लिहून घेत होत्या, ही लिहीत नव्हती. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर एका मुलाने सबसिडीचं विचारलं, टाळ्या झाल्या, मला शाल मिळाली. बाहेर व्हरांड्यात चहा घेताना ती समोर आली. पाया पडली नाही, बरं झालं. "काकाजी, मी खुशालची दुर्गा. उद्या सकाळी दुकानात आहात ना? एक टर्न विचाराचा आहे." मी म्हणालो, "कोणती मोटर?" "कलकत्तेवाली. दहाची. आमगावच्या एका मिलवाल्यानं देल्ली, पहिलंच काम आहे माहं." चहाचा कप कागदी होता, तो माझ्या बोटांत चेपला आणि चहा शालीवर सांडला. "अरे बाप्पा!" ती म्हणाली आणि स्वतःच्या ओढणीने पुसायला लागली.

घरी चंदाने विचारलं, शालीला काय झालं. चहा, म्हणालो. ती म्हणाली, "तुमाले एक शाल सांभाळता येत नाही." माझी बायको उगीच बोलत नाही. जेवताना मी सगळं मांडून बघितलं, आकडे मांडायची सवयच आहे. अठ्ठेचाळीस सांगितले तर पोरगी घरी जाऊन बापाच्या वहीशी ताडून बघणार, तिथे बेचाळीस दिसणार, ते कुणी सांगितले तेही दिसणार, आणि तिला त्याच क्षणी सगळं कळणार. बेचाळीस सांगितले तर वह्या जुळतील, माझं नाव राहील, आणि तिची पहिली मोटर उन्हाळी धान कापल्यावर जळेल. बापाची पाच जळाली, हिची एकच पुरेल. आमगावचा माणूस म्हणेल, रक्तातच आहे, आणि मोटर माझ्याकडे येईल. सांगत नाही म्हणावं, तर ती रीत नाही. वही हरवली म्हणावं, तर ती फळीवर दिसते. वरणभात निवला. भीती म्हणावी तर मला कशाची भीती होती? कुणी पोलिसात जाणार नव्हतं. गिऱ्हाईकही एवढं तुटणार नव्हतं. पण एकोणीस वर्षं मी ज्या माणसाला सकाळी आरशात दाढी करताना बघत आलो तो कष्टाने वर आला होता. फाटकाबाहेर उभा राहिला, मान वर ठेवली आणि हाताच्या गुणावर आत गेला. हा माणूस माझ्या खूप उपयोगाचा होता. माझा बाप वरून बघत असेल तर याच माणसाकडे बघत असेल, असं मी धरून चाललो होतो.

ती साडेनऊला आली. मी नुकताच झाडू मारून तथागतांच्या फोटोला फुलं वाहिली होती. ती स्टुलावर बसली, पिशवी मांडीवर. दुकानाकडे बघत म्हणाली, "बाबा सांगत, उस्तादाचं दुकान इथंच होतं मनून." मग थेट विचारलं, "किती टर्न, काकाजी?" मी फळीवरून वही काढली. पानं पिवळी पडलीत, तेलाचे डाग आहेत, उस्तादाचं हिंदी अक्षर. पान सापडलं. दोन रेघा तशाच. तोंड उघडलं असतं तर कोणता आकडा निघाला असता, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही, हेच खरं. म्हणून मी बोललोच नाही. वही फिरवली, तिच्याकडे सरळ केली आणि काउंटरवर ठेवली. "तूच वाच," म्हणालो.

तिने बोट ठेवून वाचलं. "अठ्ठेचाळीस." मग पिशवीतून बापाची वही काढली, शाळेची, निळ्या पुठ्ठ्याची, आणि पान उघडून उस्तादाच्या वहीशेजारी ठेवली. खुशालचं अक्षर कोंबडीचे पाय. 'कलकत्ता १० हॉर्सपावर. ४२. देवानं सांगतलं.' खाली पाच तारखा, मोटरी जळाल्याच्या. त्याखाली वेगळ्या शाईने, 'भंगारात एक सापडली. कापून मोजली. ४८.' आणि तारीख. कचारगडच्या जत्रेचा आदला दिवस. बेचाळीसवर काट मारलेली नव्हती. दोन्ही आकडे एकाखाली एक तसेच ठेवले होते.

मी म्हणालो, "मी त्याले मुद्दाम चुकीचा सांगतला होता."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "बाबानं आजारात सांगतलं. म्हणे, धंदा करशील तं देवाकडं जाजो, हाच टर्न विचारजो. खरा सांगतला तं त्याच्याजवळ शिक, त्याच्यासारखं कोनाले येत नाही. खोटा सांगतला तं उठून ये, भांडू नको."

"कोनाले सांगतलं नाही काऊन त्यानं? यादोरावले सांगायचं होतं. चार मिस्त्र्याईले सांगायचं होतं."

"मी बी तेच विचारलं. मनला, सांगतलं असतं तं गोंदियात कोनी कोनाले टर्न विचारला नसता मंग."

पलीकडे मोबाइलवाल्याने शटर वर ढकललं. मी म्हणालो, पोरी, मला माफ कर. हे वाक्य मी आयुष्यात फार कमी वेळा वापरलं आहे, ते नीट निघालंही नाही. तिने बापाची वही मिटली. "माफ कराचं ते बाबानं कराचं होतं. केलं का नाही, मले नाही सांगतलं. मी तं धंद्यासाठी आली, काकाजी. हे पुरी वही मले उतरवून पाहिजे." आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पिशवीतून कोरी वही आणि दोन पेनं काढली. म्हणजे पोरगी तयारीने आली होती. काउंटरच्या आतल्या बाजूला मी तिला जागा करून दिली, जिथे मी आजवर कुणाला बसू दिलं नाही. ती पहिल्या पानापासून उतरवायला लागली. हिंदी अक्षर लागलं नाही की विचारायची, मी वाचून दाखवायचो. या वहीबरोबर आमगावच्या सगळ्या मिली जाणार, हे मला दिसत होतं. वाईट वाटलं. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही.

दुपारी रीना मॅडम फॉर्म न्यायला आली. एकही खूण केलेली नव्हती. "काय सर, दोन मिनिटांचं काम!" म्हणाली. मी बसायला सांगितलं आणि पेन घेतलं. प्रशिक्षण, खूण केली. चिकाटी, खूण केली, ती होतीच, खोटं कशाला बोलू. ओळखीपाळखी सोडली. मग तेरावा चौकोन. टिंबांच्या ओळीवर मी आकडे लिहितो तशा सावकाश अक्षरांत लिहिलं, 'समोरचा खुशाल गप्प राहिला.' मॅडमने वाचलं, पुन्हा वाचलं. "सर, हे कशात धरू? स्पर्धा कमी होती, असं लिहू का?" मी काही बोलायच्या आत दुर्गाने वहीतून डोकं न काढता म्हटलं, "जसं लिहिलं तसंच राहू द्या, मॅडम." आणि पुढचा आकडा मला विचारला. मी वाचून सांगितला.